मोबाइल नंबर हा वाय-फायचा पासवर्ड का नसावा

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक स्फोट झाले. ५० हून अधिक माणसं गेली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांकडे एक ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. इंटरनेट कनेक्शन तिथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाचं होतं. कॉम्प्युटर तपासायला नेले, त्याची कसून चौकशी झाली. घरचं वाय-फाय उघडं होतं आणि मेल दुसऱ्याच कुणीतरी त्यावरून पाठवला होता, हे तपासात पुढे आलं. त्यानंतर महिनाभरात माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून दुसरा मेल गेला, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले त्या दिवशी चेंबूरच्या एका कंपनीच्या कनेक्शनवरून तिसरा.

हे सगळं आपल्या मुंबई-नवी मुंबईत घडलं, तरी आज कितीतरी घरांत त्याची आठवण उरलेली नाही. पूर्ण उघडं वाय-फाय आता घरांत क्वचितच सापडतं, हे खरं. फायबर जोडायला आलेला मुलगा पासवर्ड घालूनच जातो. पण तो कसा घालतो ते बघा. भिंतीला पेटी ठोकून झाली, हिरवा दिवा लागला, की तो स्वतःच्या मोबाइलवर सेटिंग उघडतो आणि विचारतो, "पासवर्ड काय ठेवू?" त्याला पुढच्या घरी जायची घाई, आपल्याला नेट सुरू व्हायची घाई. आपण म्हणतो, "ठेवा माझा नंबरच." किंवा तोच मालकाच्या नावापुढे @१२३ लावून मोकळा होतो. पुढची पाच-सात वर्षं तो पासवर्ड तसाच राहतो. असा पासवर्ड असणं आणि नसणं यात फारसा फरक का नाही, ते आधी समजून घेऊ.

हवेत काय चाललेलं असतं

फायबरची तार ज्या पेटीत येते आणि जिच्यातून वाय-फाय बाहेर पडतं, तिला आपण राउटर म्हणू. हा राउटर रेडिओलहरींवर बोलतो. साधारण सेकंदाला दहा वेळा तो आपलं नाव पुकारत असतो, म्हणून तर फोनमध्ये इमारतीतल्या सगळ्या वाय-फायची यादी दिसते. या लहरींना तुमच्या फ्लॅटची हद्द कळत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये लवकर दमतात, पण २.४ गिगाहर्ट्झच्या वरच्या-खालच्या मजल्यावर, जिन्यात, खाली लावलेल्या गाडीपर्यंत सहज पोचतात. चांगला अँटेना असेल तर त्याहूनही लांब.

म्हणजे तुमचा फोन आणि राउटर एकमेकांशी जे बोलतात, ते टप्प्यातल्या कुणालाही पकडता येतं. ते थांबवता येत नाही. फक्त पकडलं तरी कळू नये अशी सोय करता येते. मजकूर गणिती पद्धतीने असा फिरवायचा की किल्ली असणाऱ्यालाच तो वाचता यावा, याला एन्क्रिप्शन म्हणतात.

वाय-फायमधल्या या सोयीच्या आजवर चार पिढ्या झाल्या. १९९७ ची पहिली, डब्ल्यूईपी. २००१ मध्ये तिच्यातली मूळ गणिती चूक उघड झाली आणि २००७ पर्यंत ती एका मिनिटाच्या आत फोडता येऊ लागली. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. तुमच्या राउटरमध्ये डब्ल्यूपीए-३ किंवा डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ मिश्र असा पर्याय असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए-२ आणि त्यापुढे 'एईएस' असं लिहिलेला पर्याय निवडावा. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नका. जुन्या राउटरमध्ये फक्त तेच असेल, तर तो राउटर बदलण्याखेरीज उपाय नाही.

पासवर्ड फोडायला तुमच्या दारात यावं लागत नाही

पुष्कळांचा समज असतो की चोर आपल्या वाय-फायवर एकेक पासवर्ड टाकून बघत बसेल, दहा-वीस वेळा चुकला की कंटाळून जाईल. डब्ल्यूपीए-२ मध्ये तसं होत नाही.

तुमचा फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हा राउटर आणि फोन यांच्यात चार छोट्या निरोपांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड थेट उच्चारला जात नाही. दोघांनाही तो माहीत आहे याची गणिती खातरजमा तेवढी केली जाते. पण हे निरोप हवेतून जातात, त्यामुळे जवळपास बसलेला माणूस ते टिपून ठेवू शकतो. कुणी फोन जोडण्याची वाट पाहायचीही त्याला नेहमी गरज नसते. खोटा संदेश पाठवून तो तुमचा फोन क्षणभर तोडतो, आणि फोन आपोआप परत जोडला जाताना निरोप टिपतो. तुम्हाला कळतं ते इतकंच, की व्हिडिओ एक सेकंद अडकला.

दारावर उभं राहून किल्ल्या लावत बसलेला चोर कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडतो. इथे चोर कुलपाचा साचा घेऊन स्वतःच्या घरी जातो आणि तिथे निवांत बसून लाखो किल्ल्या लावून बघतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता आकडे पाहू. गेम खेळण्यासाठी मिळतं तसलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या वर पासवर्ड तपासू शकतं. आपण दहा लाखच धरू. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरी लागतो. आठही जागी आकडे असतील, उदाहरणार्थ जन्मतारीख, तर सगळ्या मिळून शक्यता १० कोटी. म्हणजे १०० सेकंदांचं काम. मोबाइल नंबर दहा आकडी, पण भारतात तो ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, त्यामुळे शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतात, पण एक तास आणि वर काही मिनिटं एवढ्यात त्या संपतात. तोही देशातला प्रत्येक नंबर तपासला तर. तुमचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल, तर एवढाही वेळ लागणार नाही.

२०२१ मध्ये सायबरआर्क या कंपनीतल्या एका संशोधकाने इस्रायलच्या तेल अवीव शहरात हिंडून ५,००० वाय-फायचे असे साचे गोळा केले आणि त्यातले सुमारे ७० टक्के पासवर्ड शोधून काढले. त्यांतला मोठा वाटा लोकांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरांचा होता. तिथला नंबरही सुरुवात ठरलेली असणारा, दहा आकडीच असतो. आपल्याकडच्या सवयी पाहता पुण्यात किंवा ठाण्यात काही फार वेगळं निघेल, असं मला वाटत नाही.

मग चांगला पासवर्ड कोणता

चित्रविचित्र चिन्हांचा आठ अक्षरी पासवर्ड लक्षात राहत नाही, आणि टीव्हीच्या रिमोटने टाकताना माणूस रडकुंडीला येतो. त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच साधे शब्द घ्या. पातेलं, रिक्षा, चिंच, टपाल, ओसरी, असे. (हेच पाच घेऊ नका. छापले गेले, म्हणजे ते संपले.) शब्द डोक्यातून काढण्यापेक्षा एखाद्या जाड पुस्तकाची पानं डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या, कारण मनात येणारे शब्द बहुधा एकमेकांचा हात धरूनच येतात.

याचंही गणित आहे. पाच हजार नेहमीच्या शब्दांतून कसेही चार निवडले, तर वर सांगितलेल्या कार्डाला सगळ्या जोड्या तपासायला साधारण वीस वर्षं लागतात. पाचवा शब्द जोडला, की हाच आकडा एक लाख वर्षांच्या जवळ जातो. एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून चारवर थांबू नये. वाय-फाय ६३ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड घेतं, त्यामुळे जागेची अडचण नाही. मराठी शब्द रोमन लिपीत टाकताना प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं असतं, हा आपला वरचा फायदा. आरतीची ओळ, देवाचं नाव, मुलीचं नाव आणि जन्मवर्ष, गाण्याचा मुखडा मात्र नको. फोडणाऱ्यांकडे अशा याद्या तयार असतात.

तो कागदावर लिहून कपाटात ठेवला तर चालेल का? अगदी चालेल. कपाटापर्यंत येऊ शकणारा माणूस तसाही घरात शिरलेला आहे. राउटरवर चिकटवू मात्र नका.

डब्ल्यूपीए-३ चा मोठा गुण इथेच आहे. त्यात ओळख पटवण्याची पद्धत बदलली, त्यामुळे साचा घरी नेऊन तपासत बसता येत नाही. पण मिश्र पर्यायात जुने फोन डब्ल्यूपीए-२ नेच जोडले जातात, म्हणून लांब पासवर्ड तिथेही हवाच.

दुसरा पासवर्ड, जो कुणीच बदलत नाही

वाय-फायचा पासवर्ड एक, आणि राउटरची सेटिंग उघडण्याचा दुसरा. हा दुसरा असतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. पेटी उलटी करून बघा. खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत १९२.१६८.१.१ असा काहीतरी पत्ता असतो (जिओच्या पेट्यांमध्ये बहुतेक १९२.१६८.२९.१), आणि त्याखाली युजरनेम, पासवर्ड. बऱ्याच पेट्यांवर दोन्ही जागी 'ॲडमिन' हाच शब्द. घरच्या वाय-फायवर असताना तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की राउटरच्या सेटिंगचं पान उघडतं.

तुमच्या वाय-फायवर आलेल्या कुणालाही ते पान उघडता येतं, आणि पासवर्ड मूळचाच असेल तर तुमचा राउटर त्याच्या ताब्यात जातो. तो काय करू शकतो याचं एकच उदाहरण देतो. वेबसाइटचं नाव टाकल्यावर तिचा आकडी पत्ता सांगणारी एक सेवा असते, डीएनएस. राउटरमध्ये ही सेवा कुणाची वापरायची ते लिहिलेलं असतं. तिथे चोराने स्वतःच्या सेवेचा पत्ता घातला, की तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकलं तरी तुम्हाला कुठे न्यायचं ते तो ठरवतो. आणि हे घरातल्या प्रत्येक फोनला लागू होतं.

मूळच्या पासवर्डांची किंमत जगाने २०१६ मध्ये मोजली. मिराई नावाचा घातक प्रोग्राम इंटरनेटवरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधत फिरायचा. त्याच्याकडे युजरनेम-पासवर्डच्या साधारण साठ जोड्यांची यादी होती, त्याही कारखान्यातून आलेल्या, मालकांनी कधीच न बदललेल्या. तेवढ्यावर त्याने लाखो उपकरणं कह्यात घेतली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याकरवी डाइन या डीएनएस कंपनीवर एवढा भार टाकला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्यांच्या घरातून काय चाललंय याची कल्पनाही नव्हती.

म्हणून हा दुसरा पासवर्ड आजच बदला, आणि तो वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा ठेवा. त्या पानावर आहातच तर 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून इंटरनेटवरून सेटिंग उघडण्याची सोय, बंद आहे ना ते पाहा, आणि डब्ल्यूपीएस नावाची सोयही बंद करा. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन उपकरण जोडण्यासाठी ती आणली होती. पण २०११ मध्ये एका ऑस्ट्रियन संशोधकाने दाखवलं, की राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी फक्त ११,००० उरतात. तुमचा पासवर्ड कितीही लांब असो, हा मार्ग त्याला वळसा घालून जातो.

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो विचारणारी माणसं साधी, सरळ असतात. त्यांना एवढंच सांगायचं, की शिरणाऱ्याला तुमच्या फोटोंत रस असेलच असं नाही. त्याला तुमचं नाव हवं असतं. इंटरनेटवर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला एक आकडी ओळख असते, आयपी पत्ता. तो कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते. फसवणुकीचा मेल गेला, मुलांवरच्या अत्याचाराची चित्रं डाउनलोड केली गेली, कुणाला धमकी दिली गेली, तर तपास आधी त्या ग्राहकाच्या दारात येतो. आयपी पत्ता म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. पण पोलिसांनी घरातले फोन आणि लॅपटॉप नेले, तर मुलीची परीक्षा आणि तुमचं ऑफिसचं काम त्यासाठी थांबत नाही.

शिवाय घरात आता फक्त फोनच नसतात. पाळण्यावरचा कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर, सोलरचं मीटर हे सगळं त्याच वाय-फायवर असतं, आणि यांतल्या बऱ्याच वस्तूंचं स्वतःचं संरक्षण अगदी तोकडं असतं.

"पण बँकेचं ॲप तर सुरक्षित असतं ना?"

हो, आणि याबाबत उगीच भीती घालणं मला पटत नाही. बँकेची ॲप आणि पत्ता https ने सुरू होणाऱ्या साइट स्वतःचं वेगळं एन्क्रिप्शन वापरतात. वाय-फायवर शिरलेल्या माणसाला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे दिसू शकतं, आत काय टाइप केलं ते दिसत नाही. वर सांगितलेला डीएनएसचा खेळ केला तरी ब्राउझर 'हे कनेक्शन खासगी नाही' असा इशारा देतो. खरी चूक तिथे होते. घाईत आपण 'तरीही पुढे जा' दाबतो. बँकेच्या साइटवर असा इशारा आला तर तिथेच थांबा.

"नाव लपवलंय, फक्त ठरावीक फोनच जोडू देतो"

हे दोन उपाय करून पुष्कळ लोक निर्धास्त झालेले दिसतात. नाव लपवल्याने राउटर ते पुकारत नाही, पण तुमचा फोन जोडला जाताना तेच नाव घेतो आणि ते टिपता येतं. ठरावीक उपकरणांची यादी असते ती मॅक पत्त्यांवर, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर. हा पत्ता प्रत्येक निरोपासोबत हवेत उघडा जातो आणि त्याची नक्कल करायला मिनिटभर पुरतं. दोन्ही केल्याने बिघडत काही नाही, पण तो वेळ लांब पासवर्डवर घालवलेला बरा.

शेजाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

आपल्याकडची खरी अडचण ही आहे. वरच्या काकूंच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा, त्यांचं नेट बंद, आणि त्या दारात उभ्या. पासवर्ड देणं माणुसकीचंच आहे. पण नव्या अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड दोन टिचक्यांत निघतो, पासवर्डसकट. एकाला दिलेला पासवर्ड मग कुठवर जाईल ते सांगता येत नाही. काही ॲप तर फोनमधले पासवर्ड गोळा करून सगळ्यांना वाटतात. २०१९ मध्ये वायफाय फाइंडर नावाच्या ॲपचा २० लाखांहून जास्त पासवर्डांचा साठा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला होता. त्यात घरगुती वाय-फायही भरपूर होती.

यासाठी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि त्यावरच्या माणसाला फक्त इंटरनेट मिळतं. तुमचा प्रिंटर, कॅमेरा, राउटरचं पान त्याला दिसत नाही. पाहुणे, शेजारी, पेइंग गेस्ट यांना हेच द्यावं. स्वस्तातले कॅमेरे आणि स्मार्ट बल्बही मी याच नेटवर्कवर टाकायला सांगेन. मात्र आयपी पत्ता तोच राहतो, म्हणून ओळखीच्याच माणसाला द्या, आणि काम झालं की गेस्टचा पासवर्ड बदला. घरातल्या फोनना त्याचा काही त्रास होत नाही, त्यावर टाकलेले कॅमेरे आणि बल्ब तेवढे पुन्हा जोडावे लागतात.

कुणी शिरलंय हे कसं ओळखायचं

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. पूर्वी ती पाहून झटकन कळायचं. आता अँड्रॉइड आणि आयफोन स्वतःचा खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता देतात, त्यामुळे आपलाच फोन अनोळखी वाटतो आणि लोक घाबरतात. तेव्हा घरातली उपकरणं एकेक करून वाय-फायवरून काढा आणि यादी पुन्हा पाहा. ज्यावर यादी पाहताय ते उपकरण सोडून बाकी सगळी काढल्यावरही आणखी काही उरलं, तर ते तुमचं नाही. आधी यादीचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा, मग दोन्ही पासवर्ड बदला. परवानगीशिवाय दुसऱ्याचं नेटवर्क वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करावा.

राउटरच्या अपडेटकडेही लक्ष असू द्या. २०१७ मध्ये बेल्जियमच्या माथी वानहुफ यांनी खुद्द डब्ल्यूपीए-२ मध्ये एक खोट दाखवली. ती अपडेटनेच बुजली, आणि ज्या फोन-राउटरना अपडेट मिळालं नाही ते तसेच राहिले. कंपनीने दिलेल्या पेटीला अपडेट बहुधा कंपनीकडूनच येतं. स्वतः घेतलेल्या राउटरचं ते सेटिंगच्या पानावर शोधावं लागतं.

एक सावधगिरी. सेटिंगचा पासवर्ड आठवत नाही म्हणून मागच्या भोकात टाचणी खुपसून रीसेट करू नका. पुष्कळ कनेक्शनांत, विशेषतः बीएसएनएल आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या फायबरमध्ये, कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलेलं असतं. रीसेट केलं की तेही पुसलं जातं आणि घरचं इंटरनेट बंद पडतं. आधी फोन करून ते दोन्ही मागून घ्या, कागदावर लिहा, आणि मगच टाचणी हातात घ्या.